राजापूरचे खासदार : प्रा. मधु दंडवते

मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेसाठी दिल्लीत कर्तृत्व गाजविलेल्या एखाद्या महाराष्ट्रीय पुरुषाविषयी लिहावे, अशी सूचना संपादक मंडळाने केली तेव्हा कितीतरी नावे डोळ्यांपुढे उभी राहिली. काकासाहेब गाडगीळ, चिंतामणराव देशमुख, यशवंतराव चव्हाण यांच्यासारख्यांनी या राजधानीत महाराष्ट्राचे नाव राखले. त्यांच्याविषयी अधिकारी लेखकांनी विपुल लिहिलेलेही आहे. प्रस्तुत लेखक इतिहासाचा अभ्यासक नाही. बी.ए.ला इतिहास हा विषय होता आणि पुढील आयुष्य सरकारी फायलींवर टिपण्या लिहिण्यात गेले, एवढाच त्याचा अधिकार. म्हणून ज्यांच्या कामाचा अनुभव आमच्या घराने प्रत्यक्ष अंगाने घेतला, अशा एका राजकीय पुरुषाची निवड मी केली आहे. ते म्हणजे राजापूर मतदारसंघाचे वीस वर्षे खासदार असलेले, एकदा रेल्वेमंत्री व एकदा अर्थमंत्री झालेले प्रा. मधु दंडवते.

'अंगाने घेतला' हे शब्द मी जाणून वापरले आहेत. आमचे मूळ गाव राजापूर तालुक्यातले. वडील केंद्र सरकारच्या एका खात्यात कारकून होते आणि सरोजिनीनगरातल्या दोन खोल्यांच्या क्वार्टरमध्ये आमचा संसार होता. गावी जाणे दोन वर्षांतून एकदा, 'एल.टी.सी.' मिळेल तेव्हा. १९७६ च्या मे महिन्यातील अशा एका प्रवासाची मला स्पष्ट आठवण आहे. मी सात वर्षांचा होतो. दुसऱ्या वर्गाच्या डब्यात झोपायला मिळत ती फळी शब्दशः फळी होती. लाकडाच्या पट्ट्या, त्यांच्यामधील फटी आणि खिळ्यांची डोकी. आई वळकटी सोडून त्यावर गोधडी दुहेरी अंथरी. तरी सकाळी उठल्यावर पाठीवर पट्ट्यांचे वळ उमटलेले असत. मुंबईला उतरल्यावर पुन्हा रात्रभर एस.टी. महाड, पोलादपूर, कशेडीचा घाट, चिपळूण, संगमेश्वर, हातखंबा, लांजा अशी गावे अंधारात मागे टाकीत गाडी राजापुरास पोहोचे तेव्हा माणूस अर्धा झालेला असे. रेल्वे कोकणात का जात नाही, असे मी वडिलांना विचारले होते. "तिथली माणसे रेल्वेने जातात, पण रेल्वे तिथे जात नाही," असे ते म्हणाले होते. दंडवत्यांच्या दिल्लीतील कारकिर्दीचा विचार करताना मला हे दोन प्रश्न नेहमी समोर दिसतात : एक त्या फळीचा आणि दुसरा त्या न गेलेल्या वाटेचा. दोन्ही प्रश्नांना त्यांनी हात घातला आणि दोन्ही सुटले. मात्र दोन्ही वेळा त्यांच्या हाती सत्ता फार थोडा काळ होती.

मधु दंडवते यांचा जन्म २१ जानेवारी १९२४ रोजी अहमदनगर येथे झाला. नगर हे काही कोकण नव्हे. पुढे ज्या भूमीचे ते प्रतिनिधी झाले तिच्याशी त्यांचे नाते जन्माचे नसून कामाचे होते. विद्यार्थिदशेतच १९४२ च्या आंदोलनाने त्यांना ओढून घेतले आणि समाजवादी चळवळीशी जडलेला संबंध अखेरपर्यंत टिकला. पदार्थविज्ञानात एम.एस्सी. झाल्यावर त्यांनी मुंबईच्या सिद्धार्थ महाविद्यालयात अध्यापन पत्करले. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीचे हे महाविद्यालय. दिवसा नोकरी करून शिकणारी, गरीब आणि दलित घरांतील मुले तेथे मोठ्या संख्येने येत. अशा विद्यार्थ्यांना दंडवत्यांनी १९७१ पर्यंत पदार्थविज्ञान शिकविले. नावामागची 'प्राध्यापक' ही उपाधी त्यांना शोभे ती यामुळेच. अवघड गोष्ट टप्प्याटप्प्याने सोपी करून सांगण्याची सवय त्यांनी वर्गातून संसदेत नेली. सभागृहात आकडे, नियम आणि विनोद यांची सांगड ते अशी काही घालीत की विरोधकही हसत हसत ऐकून घेत. निकटच्या मंडळींत ते 'नाना' म्हणून ओळखले जात.

अध्यापनाबरोबर चळवळ चालूच होती. १९५५ च्या गोवा मुक्तिसंग्रामात सत्याग्रहींच्या एका तुकडीचे नेतृत्व त्यांनी केले. प्रजासमाजवादी पक्षाच्या महाराष्ट्र शाखेत त्यांनी जबाबदारीची पदे सांभाळली. १९७० मध्ये ते महाराष्ट्राच्या विधान परिषदेवर निवडून गेले. एस. एम. जोशी, ना. ग. गोरे, नाथ पै अशा मंडळींच्या सहवासात घडलेला हा कार्यकर्ता दिल्लीस येण्यापूर्वीच सत्तेचाळीस वर्षांचा झाला होता.

त्यांना दिल्लीस आणले ते एका दुःखद घटनेने. बॅरिस्टर नाथ पै १९५७ पासून राजापूरचे खासदार होते. वेंगुर्ल्यात जन्मलेला हा वक्ता बोलावयास उभा राहिला की लोकसभा कान देऊन ऐके. १८ जानेवारी १९७१ रोजी बेळगाव येथे, वयाच्या अवघ्या अठ्ठेचाळिसाव्या वर्षी, त्यांचे निधन झाले. पुढच्याच महिन्या-दोन महिन्यांत लोकसभेच्या मध्यावधी निवडणुका आल्या. इंदिरा गांधींच्या 'गरिबी हटाओ'ची लाट देशभर उसळलेली होती. तरीही राजापूरच्या मतदारांनी नाथ पैंच्या जागी दंडवत्यांना निवडून दिले.

नाथ पैंच्या जागेबरोबर त्यांच्या मागण्यांचा वारसाही दंडवत्यांकडे आला. त्यांत सर्वांत जुनी मागणी कोकण रेल्वेची. मुंबईच्या गिरण्यांना माणसे पुरवावीत, मनिऑर्डरीवर घरे चालवावीत आणि गणपती-शिमग्याला चाकरमान्याची वाट पाहावी, हेच कित्येक पिढ्या कोकणचे अर्थशास्त्र होते. या मुलखातून रेल्वे जावी म्हणून अ. ब. वालावलकरांसारख्यांनी आयुष्य वेचले. नाथ पैंनी तो विषय संसदेत नेला. आक्षेपही ठरलेले होते. सह्याद्रीच्या सोंडा, पावलोपावली खाड्या व नद्या, पावसाळ्यात कोसळणाऱ्या दरडी. आणि एवढे करून मालवाहतूक ती किती मिळणार? परताव्याचा हिशेब मांडला की कोकण रेल्वेची फाईल बंद होई. दंडवत्यांनी ती फाईल बंद होऊ द्यायची नाही असे ठरविले.

पण त्याआधी तुरुंग वाट्यास यायचा होता. २५ जून १९७५ च्या रात्री आणीबाणी जाहीर झाली तेव्हा दंडवते संसदीय समितीच्या बैठकीसाठी बंगलोरला गेलेले होते. अटलबिहारी वाजपेयी, लालकृष्ण अडवाणी व श्यामनंदन मिश्र हेही तेथेच होते. दुसऱ्या दिवशी सकाळी या चौघांना तेथेच अटक झाली. दंडवत्यांचा मुक्काम बंगलोरच्या कारागृहात पडला. त्यांच्या पत्नी प्रमिलाताई स्वतः राष्ट्र सेवा दलात घडलेल्या कार्यकर्त्या. त्याही स्थानबद्ध झाल्या आणि त्यांना येरवड्यास ठेवण्यात आले. पती एका राज्याच्या तुरुंगात, पत्नी दुसऱ्या. त्या काळात दोघांमध्ये चाललेला पत्रव्यवहार तुरुंगाधिकाऱ्यांच्या डोळ्यांखालून जाई. राजकीय मतांपायी पती आणि पत्नी दोघांनाही कारावास घडल्याची उदाहरणे स्वातंत्र्यपूर्व काळात पुष्कळ होती. स्वतंत्र भारतात ते पुन्हा घडावे याची खंत त्या पिढीला जन्मभर राहिली.

१९७७ च्या मार्चमध्ये मतपेटीने आणीबाणीचा निकाल लावला. दंडवते राजापुरातून पुन्हा निवडून आले आणि मोरारजी देसाई यांच्या मंत्रिमंडळात रेल्वेमंत्री झाले. त्यांना मिळालेला काळ मार्च १९७७ ते जुलै १९७९, म्हणजे सव्वादोन वर्षांच्या थोडासा वर. सरकारी कामाचा अनुभव असलेल्या वाचकांस हे सांगावयास नको की एवढ्या काळात एखाद्या मोठ्या खात्याच्या मंत्र्याला आपल्या अधिकाऱ्यांची नावे पाठ होतात, फार तर. दंडवत्यांनी मात्र या काळात दोन गोष्टी केल्या, ज्यांची नोंद इतिहासाने घ्यावी.

पहिली गोष्ट १९७४ च्या संपाशी संबंधित होती. जॉर्ज फर्नांडिस यांच्या नेतृत्वाखाली ८ मे १९७४ रोजी सुरू झालेला रेल्वे कामगारांचा संप वीस दिवसांनी मागे घ्यावा लागला होता. सरकारने तो कठोरपणे मोडून काढला. हजारो कामगारांना अटक झाली, हजारोंच्या नोकऱ्या गेल्या, घरे रिकामी करावी लागली. रेल्वे वसाहतीत ज्याचे सारे आयुष्य गेले त्याची नोकरी गेली की छप्परही जाते. दंडवत्यांनी मंत्रिपद हाती घेताच बडतर्फ कामगारांना पुन्हा कामावर घेण्याचा निर्णय केला. याने शिस्त बिघडेल अशी भीती त्या वेळी बोलून दाखविली गेली. आणि शिस्तीचा मुद्दा फेटाळून लावण्यासारखा नव्हे, हे मीही एक सरकारी नोकर म्हणून मान्य करतो. परंतु संप संपल्यावर तीन वर्षांनीही उपाशी राहिलेल्या घरांवर शिस्तीचा वरवंटा फिरवीत राहणे यात राज्यकर्त्याचे शहाणपण नाही. शिक्षा केव्हा संपवावी हेही शासनाला कळावे लागते.

दुसरी गोष्ट त्या फळीची. १९७४ साली रेल्वेने तिसरा वर्ग रद्द केला आणि त्याचे नाव दुसरा वर्ग असे ठेवले. डब्यावरची पाटी बदलली. आतले बाक तेच राहिले. देशातील बहुसंख्य प्रवासी याच डब्यांतून जात. मंत्री, अधिकारी, व्यापारी यांच्या पहिल्या वर्गाला गादी होती. दोन-दोन रात्रींचा प्रवास करणाऱ्या शेतमजुराला, शिपायाला, परीक्षेला निघालेल्या विद्यार्थ्याला लाकूड होते. ही व्यवस्था इतकी जुनी होती की ती कोणाला खटकतही नसे. दंडवत्यांना ती खटकली. आपल्याला पहिला वर्ग खाली आणावयाचा नसून दुसरा वर्ग वर न्यावयाचा आहे, अशी त्यांची भूमिका होती. दुसऱ्या वर्गाच्या शायिकांवर दोन इंच जाडीचा फोम बसवावा असे त्यांनी ठरविले.

अशा प्रस्तावावर कोणकोणत्या टिपण्या होऊ शकतात याची कल्पना मी सहज करू शकतो. डबे हजारोंनी, खर्च कोटींनी; गादी फाटेल, कापली जाईल, मळेल; दुसऱ्या वर्गाच्या भाड्यातून खर्च भागत नाही, मालवाहतुकीच्या नफ्यावर तो चालतो, त्यात ही भर कशाला? यातील एकही मुद्दा खोटा नाही. सरकारात चांगली कामे खोट्या मुद्द्यांपायी फारशी अडत नाहीत. ती खऱ्या मुद्द्यांपायीच अडतात. असल्या वेळी मंत्र्याला हिशेबाच्या पलीकडचा एक हिशेब माहीत असावा लागतो. ज्याने तिकिटाचे पैसे मोजले त्याच्या पाठीची काही किंमत रेल्वेच्या जमाखर्चात धरली जाते की नाही, असा तो हिशेब. दंडवत्यांनी ती किंमत धरली.

२६ डिसेंबर १९७७ रोजी मुंबई आणि हावडा यांच्या दरम्यान गीतांजली एक्स्प्रेस सुरू झाली. तिच्यात वर्गभेद नव्हता. सारे डबे दुसऱ्या वर्गाचे आणि शायिका गादीच्या. रवींद्रनाथांच्या ग्रंथाचे नाव एका वर्गविहीन गाडीला मिळाले, हे समाजवादी मंत्र्याच्या रसिकतेला साजेसेच झाले. पुढे पक्ष बदलले, मंत्री बदलले, पण हे काम थांबले नाही. जुने डबे बाद होत गेले तसतशा लांब पल्ल्याच्या गाड्यांतून लाकडी फळ्या दिसेनाशा झाल्या. आज शयनयान डब्यात आडवे होणाऱ्या कोणाही तरुणाला त्या गादीखाली कोणाचा निर्णय आहे हे ठाऊक नसते. एखाद्या सुधारणेचे यश याहून मोठे कोणते असू शकेल? ती इतकी अंगवळणी पडावी की कोणी केली हा प्रश्नच उरू नये.

जनता पक्षाचे सरकार कसे कोसळले याची कथा येथे विस्ताराने सांगण्याचे प्रयोजन नाही. वेगवेगळ्या वाटांनी आलेली माणसे एका छत्राखाली आली होती. पाऊस थांबताच छत्र कोणी धरावे यावरून त्यांच्यात कलह झाला. त्या अपयशाचा वाटा समाजवादी मंडळींच्या पदरीही पडतो. जुलै १९७९ मध्ये मोरारजींनी राजीनामा दिला आणि दंडवत्यांचे रेल्वेखाते गेले. रोह्याच्या दिशेने जाणाऱ्या मार्गाला त्यांच्या काळात चालना मिळाली होती. कोकण रेल्वेचे बाकी सारे अजून कागदावरच होते.

यानंतरची दहा वर्षे विरोधी बाकांवरची. १९८० मध्ये दंडवते राजापुरातून पुन्हा विजयी झाले. प्रमिलाताईही मुंबईतून निवडून आल्या आणि पती-पत्नी एकाच लोकसभेत बसू लागले. हुंडाबंदीचा कायदा कडक व्हावा म्हणून प्रमिलाताईंनी संसदेत आणि महिला दक्षता समितीच्या द्वारे बाहेर जे काम केले, ते एका स्वतंत्र लेखाचा विषय आहे. त्यांची ओळख 'दंडवते यांच्या पत्नी' एवढीच करून देणे अन्यायाचे होईल. १९८४ च्या डिसेंबरात इंदिरा गांधींच्या हत्येनंतरच्या निवडणुकीत विरोधी पक्षांची अक्षरशः धूळधाण उडाली. जनता पक्षाला साऱ्या देशातून दहा जागा मिळाल्या. त्या दहांमध्ये राजापूरची एक होती. लाटा आल्या आणि गेल्या, पण राजापूरने आपला प्राध्यापक सोडला नाही.

दरम्यान रेल्वेच्या दृष्टीने काही हालचाल होत होती. दिवा-पनवेल मार्ग साठच्या दशकात झाला होता. तो १९८६ मध्ये रोह्यापर्यंत पोहोचला. रोह्यापासून मंगलोरपर्यंतचा दुवा मात्र तुटलेलाच होता. १९८४-८५ मध्ये या पट्ट्याच्या अंतिम सर्वेक्षणाचे निर्णय झाले आणि १९८८ मध्ये दक्षिण रेल्वेने त्याचा अहवाल सादर केला. नकाशा तयार झाला. पैशाचा प्रश्न तसाच राहिला.

डिसेंबर १९८९ मध्ये विश्वनाथ प्रताप सिंग पंतप्रधान झाले आणि एक योग जुळून आला. रेल्वेमंत्री झाले जॉर्ज फर्नांडिस, मूळचे मंगलोरचे. अर्थमंत्री झाले मधु दंडवते, राजापूरचे खासदार. तुटलेल्या दुव्याच्या दोन टोकांची माणसे दिल्लीत दोन खात्यांत बसली. पण रेल्वेच्या नेहमीच्या अर्थसंकल्पातून दरवर्षी थोडा थोडा पैसा देत राहिले असते तर हा मार्ग आमच्या नातवंडांनीही पाहिला नसता. म्हणून निराळी वाट काढण्यात आली. १९ जुलै १९९० रोजी कोकण रेल्वे महामंडळाची स्थापना झाली. भागभांडवलात रेल्वेचा वाटा ५१ टक्के, महाराष्ट्राचा २२, कर्नाटकाचा १५ आणि गोवा व केरळ यांचा प्रत्येकी ६ टक्के. उरलेला मोठा पैसा रोख्यांच्या रूपाने बाजारातून उभारावयाचा, रेल्वे बांधावयाची, चालवावयाची आणि उत्पन्नातून कर्ज फेडावयाचे. ज्या राज्यांना लाभ व्हावयाचा त्यांनी भार उचलावा आणि केंद्राने पाठीशी उभे राहावे, अशी ही रचना होती. रेल्वे खात्याबाहेर स्वतंत्र महामंडळ असल्याने कामाला वेग आला. ई. श्रीधरन यांच्यासारखा अभियंता त्याच्या प्रमुखपदी लाभला. १५ सप्टेंबर १९९० रोजी रोहा येथे पायाभरणी झाली.

अर्थमंत्री या नात्याने दंडवत्यांना एकच अर्थसंकल्प मांडता आला, १९ मार्च १९९० चा. सोनारांना व सामान्य गृहिणींनाही जाचक ठरलेला सुवर्ण नियंत्रण कायदा त्यांच्याच कारकिर्दीत रद्द झाला. दुसऱ्या बाजूस, शेतकऱ्यांना दहा हजार रुपयांपर्यंत कर्जमाफी देण्याच्या त्या सरकारच्या योजनेवर अर्थशास्त्रज्ञांनी टीका केली आणि ती अगदीच निराधार नव्हती. ऑगस्ट १९९० मध्ये इराकने कुवेतवर आक्रमण केले, तेल भडकले आणि आधीच नाजूक झालेली परकीय चलनाची स्थिती अधिकच बिघडली. १९९१ च्या संकटाकडे देश याच सुमारास घसरत होता. अर्थमंत्री म्हणून दंडवते यांचे मूल्यमापन करताना या साऱ्याचा विचार अभ्यासकांनी करावा. नोव्हेंबर १९९० मध्ये ते सरकार पडले. रेल्वेखात्यात सव्वादोन वर्षे आणि अर्थखात्यात एक वर्षही नाही. केंद्रीय मंत्री म्हणून त्यांची सारी कारकीर्द एवढीच.

आता या चरित्रातील सर्वांत बोधप्रद प्रसंगाकडे वळतो. १९९१ च्या निवडणुकीत राजापूरने दंडवत्यांना पराभूत केले. लागोपाठ पाच वेळा निवडून दिलेल्या मतदारसंघाने, कोकण रेल्वेची पायाभरणी होऊन वर्षही झालेले नसताना, दुसऱ्याला कौल दिला. आमच्या घरी त्या संध्याकाळी आकाशवाणीच्या बातम्या चालू होत्या. वडिलांचे मत दिल्लीत, त्यामुळे त्यांना राजापुरात कधीच मत देता आले नव्हते. ते फार वेळ गप्प बसले आणि मग म्हणाले, "लोक कृतघ्न असतात." त्या वेळी मला ते पटले होते.

आज पटत नाही. मतदार हा ऋणको नव्हे. त्याने उपकाराची परतफेड मतांनी करावी अशी अपेक्षा धरणारा पुढारी प्रतिनिधी राहत नाही, तो सावकार होतो. देशातील वारे बदलले होते, जनता दल दुभंगले होते, कोकणात नव्या पक्षांचा जोर वाढत होता आणि नव्या पिढीला रेल्वेच्या पायाभरणीपेक्षा रोजगाराची चिंता होती. मतदाराने आपला हक्क बजावला. वाईट वाटावयाचे ते चाहत्यांना वाटले. दंडवते यांनी पराभव पत्करला, पण मतदारांना बोल लावीत ते बसले नाहीत, हे त्यांच्या लोकशाहीनिष्ठेचे खरे प्रमाण होय. तुरुंगात गेलेला माणूस लोकशाहीवर निष्ठा ठेवतो यात नवल नाही. लोकांनी घरी बसविल्यावरही जो ती ठेवतो त्याची कसोटी अधिक कठीण. पुढे १९९६ ते १९९८ या काळात नियोजन आयोगाचे उपाध्यक्ष म्हणून त्यांनी पुन्हा दिल्लीत काम केले.

ते त्या पदावर असताना २६ जानेवारी १९९८ रोजी रोह्यापासून मंगलोरजवळच्या ठोकूरपर्यंतचा सुमारे ७४० किलोमीटरचा मार्ग सलग सुरू झाला. लहानमोठे सुमारे दोन हजार पूल, नव्वदहून अधिक बोगदे. करबुड्याचा बोगदा साडेसहा किलोमीटरचा आणि रत्नागिरीजवळील पानवल नदीवरचा पूल ६४ मीटर उंच. ज्या आक्षेपांनी फाईल इतकी वर्षे बंद ठेवली होती ते सारे डोंगर आणि खाड्या जागच्या जागीच होत्या. अभियंते आणि मजूर त्यांच्यातून वाट काढून गेले होते. काहींनी त्यासाठी प्राणही दिले. त्यांची आठवण या लेखात न करणे योग्य होणार नाही.

त्याच वर्षी वडील निवृत्तीनंतर प्रथमच कोकणमार्गे गावी निघाले. हजरत निजामुद्दीनच्या फलाटावर मंगला एक्स्प्रेस उभी होती. शयनयानातली खालची शायिका मिळाली होती. आईने सवयीने वळकटी सोडली, गोधडी काढली आणि ती अंथरू लागली. वडिलांनी तळहाताने गादी दाबून पाहिली आणि म्हणाले, "राहू दे, याची गरज नाही." आईने तरीही ती अंथरलीच. दुसऱ्या दिवशी रात्री रत्नागिरीहून त्यांचा दूरध्वनी आला. मुंबईला गाडी बदलावी लागली नाही, एस.टी.ची रात्र गेली नाही, याचे त्यांना राहून राहून नवल वाटत होते.

१९७६ साली मी विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर बावीस वर्षांनी असे मिळाले. त्या उत्तरात पुष्कळांचा वाटा होता, हे विसरता कामा नये. वालावलकरांनी ध्यास घेतला, नाथ पैंनी आवाज दिला, फर्नांडिसांनी धडाडी दाखविली, श्रीधरन यांनी ते उभे केले आणि त्यानंतर आलेल्या सरकारांनीही काम बंद पडू दिले नाही. दंडवत्यांनी यात केले ते एवढेच की आधीच्याकडून आलेली मागणी वीस वर्षे हातातून खाली ठेवली नाही आणि सत्तेचे थोडके महिने मिळताच ती कार्यवाहीच्या टप्प्यावर आणून सोडली. माझ्या मते राजकारण्याच्या कामाची ही अत्यंत योग्य व्याख्या आहे. आरंभ आपला नसतो, शेवटही बहुधा आपल्या हातून होत नाही. मधला पल्ला तेवढा आपला असतो आणि तो नीट पार पाडावयाचा असतो. सरकारी नोकराच्या बाबतीतही याहून निराळे काय आहे?

प्रमिलाताई २००१ च्या अखेरीस गेल्या. १२ नोव्हेंबर २००५ रोजी मुंबईत दंडवते यांचे निधन झाले. त्यांच्या इच्छेप्रमाणे त्यांचा देह जे. जे. रुग्णालयाला वैद्यकीय शिक्षणासाठी देण्यात आला. जो आयुष्याचा पूर्वार्ध विद्यार्थ्यांना शिकविण्यात घालवितो, त्याने मृत्यूनंतरही विद्यार्थ्यांच्याच उपयोगी पडावे, यात एक सुसंगती आहे. पुढे मतदारसंघांच्या पुनर्रचनेत 'राजापूर' हा लोकसभा मतदारसंघही राहिला नाही. आता संसदेत राजापूरचे खासदार अशी कोणाची ओळख नसते.

आपल्या मंडळाच्या पन्नास वर्षांतील कितीतरी वर्षे हा माणूस याच शहरात वावरत होता. आपल्यांपैकी वडीलधाऱ्यांनी त्यांना सभांतून ऐकले असेल. दिल्लीतल्या महाराष्ट्रीयांनी त्यांचे पुतळे उभारावेत अशी माझी सूचना नाही. त्यांनाही ती रुचली नसती. पुढच्या खेपेस शयनयानातून गावी जाताना दिवे मालवल्यावर गादीवर पाठ टेकली की आपल्या मुलांना एवढे सांगावे : येथे पूर्वी लाकूड होते.